धमनीचे छिद्र बुजविताना

अँजिओप्लास्टी हृदयाची होते, जखम मात्र जांघेत होते. ही साधी गोष्ट अनेक कुटुंबांच्या ध्यानात येते ती रुग्ण घरी परतल्यानंतर, आणि तीही काही बिघडले तरच. भेटीला येणारे आप्तेष्ट स्टेंट किती बसले, कोणत्या कंपनीचे बसले, खर्च किती आला, हे आवर्जून विचारतात. मांडीच्या वरच्या टोकाशी पट्टीखाली झाकलेल्या टिकलीएवढ्या जखमेची चौकशी कोणी करीत नाही. जागाच अशी की रुग्णालाही तिचा विषय काढण्याचा संकोच वाटतो. वास्तविक त्या टिकलीखाली शरीरातील एका मोठ्या धमनीला छिद्र पडलेले असते, आणि पुढचे आठ-दहा दिवस ते छिद्र नीट मिटले आहे की नाही याकडे घरातील कोणाचे तरी लक्ष असणे आवश्यक असते.

हृदयापर्यंत नळी नेण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरण विभागात जाऊन छायाचित्र काढून घेतले. त्या काळी त्याची बरीच अवहेलना झाली. १९५६ साली तो नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी ठरला. पुढे १९५३ साली स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी चीर न देता धमनीत शिरण्याची युक्ती प्रसिद्ध केली. प्रथम सुई, सुईतून तार, मग सुई काढून तारेवरून नळी. आजही जगभरच्या कॅथलॅबमध्ये हाच क्रम चालतो. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिक येथे आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी याच वाटेने फुगा नेऊन हृदयाची अरुंद झालेली धमनी उघडली. भारतात डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल यांनी १९८६ साली चेन्नईत अँजिओप्लास्टीचा प्रारंभ केला. या साऱ्या इतिहासात आत शिरण्याच्या कौशल्याचे कौतुक पुष्कळ झाले. बाहेर पडताना मागे राहणाऱ्या छिद्राचे काय करायचे, हा प्रश्न मात्र पुष्कळ वर्षे बोटांवरच सोडलेला होता.

बोटांवर म्हणजे अक्षरशः बोटांवर. नळी काढली की डॉक्टर किंवा प्रशिक्षित साहाय्यक जांघेतील धमनी मागच्या हाडावर दाबून धरतो. पंधरा-वीस मिनिटे दाब ढळू द्यायचा नाही. मधूनच ‘थांबले का’ म्हणून डोकावून पाहिले की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यानंतर रुग्णाने चार ते सहा तास, कधी त्याहून अधिक, पाय सरळ ठेवून उताणे पडून राहायचे. पाठीचे दुखणे असलेल्या वृद्धाला किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या गृहस्थाला हे सहा तास हृदयाच्या दुखण्यापेक्षाही जड जातात. त्यातून अँजिओप्लास्टीच्या वेळी रक्त पातळ ठेवणारी औषधे दिलेली असतात. म्हणजे ज्या रक्ताने गोठून छिद्र बुजवायचे, त्यालाच गोठू नको असे सांगितलेले असते.

या अडचणीवर उपाय म्हणून १९९० नंतरच्या दशकात छिद्र बुजविणारी उपकरणे बाजारात आली. १९९५ ते १९९७ या काळात अशा तीन उपकरणांना अमेरिकेत मान्यता मिळाली. आज प्रचलित असलेल्या उपकरणांचे प्रकार अनेक आहेत. ‘अँजिओ-सील’ या उपकरणात धमनीच्या आतल्या बाजूला एक चपटी, विरघळणारी पट्टी नांगरासारखी अडकते, बाहेरच्या बाजूला कोलॅजेनचा बोळा बसतो आणि दोन्हींना जोडणारा दोरा ओढला की मधले छिद्र दोन्हीकडून चेपले जाते. साधारण तीन महिन्यांत हे सारे शरीरात विरघळून जाते. ‘परक्लोज’ हे उपकरण म्हणजे एक प्रकारचे शिवणयंत्रच. ते नळीच्या वाटेने आत जाऊन धमनीच्या भिंतीला टाका घालते आणि गाठ बाहेरून सरकवून घट्ट केली जाते. तो दोरा कृत्रिम असतो व कायम राहतो. ‘स्टारक्लोज’ धातूची छोटी पकड बसविते. ‘मिन्क्स’ बाहेरून कृत्रिम जेलसारख्या पदार्थाचे बूच लावते. कोणतेही घेतले तरी काम मिनिटा-दोन मिनिटांत होते आणि रुग्णाला लवकर उठता येते.

वेळ वाचला हे खरे, पण धोका कमी झाला का? जर्मनीत ४,५२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसार-क्लोजर’ या अभ्यासात नेमका हाच प्रश्न तपासला गेला. उपकरण वापरलेल्यांपैकी ६.९ टक्के आणि हाताने दाब दिलेल्यांपैकी ७.९ टक्के रुग्णांत जखमेच्या जागी लहानमोठी गुंतागुंत आढळली. रक्त थांबायला उपकरणाने एक मिनिट, हाताने दहा मिनिटे लागली. शिवाय हे सारे रुग्ण केवळ अँजिओग्राफी करून घेणारे होते, अँजिओप्लास्टीचे नव्हते. आकड्यांचा सरळ अर्थ असा की उपकरण हाताच्या दाबापेक्षा वाईट नाही आणि फारसे अधिक सुरक्षितही नाही. त्याचा मुख्य लाभ सोयीचा आणि वेळेचा आहे. हे ‘आधुनिक बटण’ बसविले म्हणजे आता काळजी नको, असा जो समज रुग्णाच्या मनात नकळत तयार होतो, त्याला या आकड्यांत आधार सापडत नाही.

मग बिघडते काय? सर्वांत सामान्य म्हणजे जांघ काळीनिळी पडणे. ते दिसायला भयंकर असते. रंग गुडघ्यापर्यंत उतरतो, पण जागा मऊ असेल तर तो आपोआप पिवळा पडून जातो. त्याहून गंभीर म्हणजे रक्त साकळून तयार झालेली घट्ट गाठ. तिसरा प्रकार फसवा आहे. धमनीचे छिद्र पूर्ण मिटत नाही, रक्त बाहेरच्या मांसल भागात येऊन एका पोकळीत फिरत राहते आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती पोकळी उडते. डॉक्टर याला स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतात. मराठीत त्याला ‘धमनीचा खोटा फुगा’ म्हणता येईल. कधी सुई शेजारच्या शिरेतूनही आरपार गेलेली असते आणि धमनी-शिरेची नको ती जोडणी होते. कधी उपकरणाचा एखादा भाग धमनीच्या आतच अडकतो किंवा खाली वाहून जातो आणि पायाचा रक्तपुरवठा तोडतो. आणि कधी, फारच क्वचित, जखमेत जंतुसंसर्ग होतो. धमनीला लागून एक परकी वस्तू असल्यामुळे हा संसर्ग साध्या गळवासारखा राहत नाही. तो धमनीची भिंतच कुरतडू शकतो. त्याचे प्रमाण शेकड्यात एकाहूनही कमी, पण झाला तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. मधुमेह व स्थूलता असलेल्यांत ही भीती अधिक.

रक्तस्रावाचा आणखी एक प्रकार बाहेरून दिसतच नाही. धमनीला सुई नेहमीच्या जागेच्या वर लागली तर रक्त पोटामागच्या पोकळीत उतरते. जांघ स्वच्छ, पट्टी कोरडी, आणि रुग्ण मात्र कंबर किंवा पोटाची एक बाजू दुखते म्हणतो, घामेजतो, नाडी जलद होते, रक्तदाब उतरतो. ‘सहा तास पडून राहिल्याने कंबर धरली असेल’ असे म्हणून हे दुखणे उडवून लावणे महागात पडते. स्त्रिया, वृद्ध, कृश अंगाच्या व्यक्ती, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि ज्यांच्या पायाच्या धमन्या चुन्याने कडक झाल्या आहेत असे रुग्ण, यांच्यात जखमेच्या जागेचे त्रास अधिक आढळतात.

अमरावती-अकोल्याच्या वाचकाला या सगळ्याचा विचार करताना एक गोष्ट वेगळी धरावी लागते. ती म्हणजे अंतर. अमरावतीहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून सुमारे अडीचशे. या दोन्ही शहरांत आज हृदयोपचार उपलब्ध आहेत; तरीही अनेक कुटुंबे नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठतात. कोणाचा मुलगा तिथे नोकरीला असतो, कोणाला ओळखीचा डॉक्टर असतो. उपचार उत्तम होतात आणि दोन-तीन दिवसांत सुट्टी मिळते. मग अमरावती एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास, कधी वरचा बर्थ, बडनेऱ्याला सामान उचलण्याची घाई, आणि तिथून दर्यापूर किंवा परतवाड्यापर्यंत मोटारीचे धक्के. जखम ताजी असताना पोटावर व मांडीवर ताण आणणाऱ्या नेमक्या याच गोष्टी टाळावयाच्या असतात. आणि जंतुसंसर्गासारखी काही दुखणी डोके वर काढतात ती आठवड्याभराने. ज्या कॅथलॅबमध्ये छिद्र बुजविले, ती तेव्हा शेकडो किलोमीटर दूर असते.

समजा, अंजनगाव सुर्जीचे एक गृहस्थ अँजिओप्लास्टी करून घरी आले. आठव्या दिवशी जांघेत लिंबाएवढी गाठ लागली, ती दुखू लागली, किंचित लालही झाली. घरात कोणी हळदीचा लेप सुचवील, कोणी पोटिसाचा शेक, कोणी तेल चोळायला सांगेल. गावातील डॉक्टरांना अँजिओप्लास्टीचे सांगितलेच नाही, तर ते गळू समजून चीर देण्याचा विचार करतील. हीच ती घातक घडी. खोटा फुगा असेल तर चिरेबरोबर धमनीतील रक्त उसळून बाहेर येते. म्हणून जांघेतील प्रत्येक गाठीबाबत एकच क्रम पाळावा: डॉक्टरांना प्रथम नळी घातल्याची हकीकत सांगावी आणि गाठीला हात लावण्यापूर्वी डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी. ही तपासणी अमरावतीत व अकोल्यात सहज होते. त्यासाठी नागपूर गाठण्याचे कारण नाही. फुगा लहान असेल तर तो बरेचदा आपोआप गोठून मिटतो, डॉक्टर केवळ लक्ष ठेवतात. मोठा असेल तर सोनोग्राफीत पाहत दाब देऊन किंवा थ्रॉम्बिन या औषधाचे इंजेक्शन देऊन तो बंद करता येतो. वेळेवर पोहोचणाऱ्यांपैकी बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही.

काही लक्षणांत मात्र तपासणीचा दिवस ठरवीत बसू नये. जखमेतून रक्त येऊ लागले तर रुग्णाला जमिनीवर किंवा पलंगावर सपाट निजवावे, जखमेच्या किंचित वरच्या बाजूला तळहाताने किंवा बोटांनी घट्ट दाब द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. धमनीतील छिद्र त्वचेवरच्या छिद्रापेक्षा थोडे वर असते, म्हणून दाबही वर द्यायचा. रुग्णाला बसवून, दुचाकीवर मध्ये धरून दवाखान्यात नेणे हे धोक्याचे. पाय अचानक गार पडला, बधिर झाला, पांढुरका दिसू लागला किंवा चालताना पोटरी धरू लागली, तर तो रक्तपुरवठा अडल्याचा इशारा असतो; तिथे तासांचा हिशेब असतो. थंडी वाजून ताप आणि जखमेतून स्राव, कंबरदुखीसह चक्कर, यांनाही हाच नियम. अशा वेळी अमरावतीचे इर्विन रुग्णालय किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय जवळ असताना, ‘आपल्या डॉक्टरांनाच दाखवू’ म्हणून चार तासांचा प्रवास सुरू करणे शहाणपणाचे नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. जांघेतील रक्तस्रावाला घाबरून त्या थांबविल्या आणि त्यामुळे स्टेंटच गोठला, तर प्राणावर बेतते.

घरच्या पथ्यात शोभेचे काही नाही. पहिले काही दिवस जड उचलणे नको, मोटारसायकलची किक नको, शक्यतो उकिडवे बसणे नको. शौचाला कमोडची सोय असेल तर ती वापरावी. खोकला-शिंक आली तर जखमेवर हात धरावा. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीपलीकडे जातो आणि जांघ सतत घामेजते. जागा धुऊन कोरडी ठेवणे, सैल सुती वस्त्र वापरणे, पावडर-मलम न लावणे, एवढे पुरे. सामायिकात ४८ मिनिटे मांडी घालून बसणाऱ्यांनी तेवढे दिवस खुर्चीचा आधार घ्यावा. आणि ‘देवाच्या कृपेने वाचलो’ म्हणून लगोलग मुक्तागिरीच्या पायऱ्या चढायला निघू नये. दर्शन महिन्याभराने, डॉक्टरांना विचारून घेतले तरी चालते.

या विषयात जैन कुटुंबांना ज्ञात असायलाच हवी अशी एक बाब आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. अँजिओ-सीलमधील कोलॅजेन गाईगुरांपासून मिळविलेले असते. मोठ्या छिद्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘मँटा’ या उपकरणातही तेच. गोमांसजन्य पदार्थांची अ‍ॅलर्जी असलेल्यांबाबत दक्षता घ्यावी, अशी सूचना अँजिओ-सीलच्या माहितीपत्रकातच दिलेली असते. म्हणजे हा प्रश्न धर्माइतकाच वैद्यकीयही आहे. परक्लोजचा दोरा, स्टारक्लोजची धातूची पकड आणि मिन्क्सचे बूच यांत असे कोलॅजेन नसते, आणि हाताच्या दाबात तर कोणताच पदार्थ नसतो. अर्थात पूर्ण शुद्धतेचा आग्रह कॅथलॅबमध्ये टिकत नाही. प्रक्रियेच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपारिन सर्रास डुकराच्या आतड्यापासून तयार होते आणि त्याशिवाय काम चालविणे अवघड असते. तरीही जिथे पर्याय आहे तिथे तो विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. नियोजित अँजिओग्राफी असेल तर आदल्या दिवशी, संमतिपत्रावर सही करताना, शांतपणे विचारावे. हृदयविकाराचा झटका आलेला असताना, जिथे मिनिटामिनिटाने हृदयाचा स्नायू मरत असतो, तिथे हा प्रश्न घेऊन डॉक्टरांना अडविणे हे मात्र अहिंसेच्या कोणत्याही अर्थात बसत नाही.

खरे म्हणजे आज या प्रश्नाला बगल देणारी वाट उपलब्ध आहे, ती म्हणजे मनगट. १९८९ साली कॅनडातील लुसिएन काम्पो यांनी मनगटाच्या धमनीतून अँजिओग्राफी केल्याचे प्रसिद्ध केले आणि १९९२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या फेर्डिनांड कीमेनाय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी सुरू केली. मनगटाची धमनी बारीक, त्वचेलगत आणि हाडावर टेकलेली. तिच्यावर पट्टा बांधला की काही तासांत काम भागते, छिद्र बुजविण्याचे उपकरण लागतच नाही. ७,०२१ रुग्णांच्या ‘रायव्हल’ या २०११ सालच्या अभ्यासात रक्ताची मोठी गाठ मनगटाच्या गटात १.२ टक्के, तर जांघेच्या गटात ३ टक्के रुग्णांना झाली. मग जांघ निवडतातच का? काहींच्या मनगटाची धमनी फार बारीक किंवा नागमोडी असते; काहींना डायलिसिससाठी हाताच्या रक्तवाहिन्या राखून ठेवाव्या लागतात; आणि छातीची शस्त्रक्रिया टाळून हृदयाची झडप बदलायची असेल तर लागणारी जाड नळी मनगटातून जाऊच शकत नाही. नळ्यांची जाडी ‘फ्रेंच’ या मापात मोजतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. साध्या अँजिओप्लास्टीला सहा फ्रेंच पुरते, झडपेसाठी चौदा ते अठरा. एवढ्या छिद्राला बोटांचा दाब पुरत नाही, तिथे उपकरण ही गरजच ठरते. तेव्हा ‘मनगटातून शक्य आहे का, नसेल तर का’ हा प्रश्न डॉक्टरांचा अवमान नाही. चांगले डॉक्टर त्याचे उत्तर आनंदाने देतात.

खर्चाचेही थोडे बोलावे लागेल. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने मर्यादा आणली. तेव्हा औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये व साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरली. छिद्र बुजविणाऱ्या उपकरणाला अशी ठरवून दिलेली कमाल किंमत नाही, आणि बिलात ते ‘कन्झ्युमेबल्स’ या गोल शीर्षकाखाली विरून जाऊ शकते. अमरावती जिल्हा २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत होता. अकोल्यासह उर्वरित राज्यात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोहोचली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. या योजनेत किंवा विम्यात उपचार होत असतील तर उपकरण पॅकेजमध्ये धरले आहे की वेगळे पैसे लागतील, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

सुट्टीच्या कागदपत्रांत स्टेंटचे नाव-क्रमांक असतातच. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: नळी कोणत्या बाजूच्या कोणत्या धमनीतून घातली, छिद्र हाताने बुजविले की उपकरणाने, आणि उपकरणाने असेल तर त्याचे नाव व तारीख. अँजिओ-सीलबरोबर रुग्णाने जवळ बाळगावयाचे एक कार्ड असते. त्या जागी ९० दिवसांच्या आत पुन्हा सुई घालण्याचा प्रसंग आला तर ती पूर्वीच्या जागेपासून एक सेंटिमीटर वर घालावी, असा निर्मात्यांचा निर्देश आहे. नवख्या रुग्णालयातील डॉक्टरांना हे त्या कार्डावरूनच कळणार. ते कार्ड कपाटातल्या फाइलमध्ये न ठेवता आधार कार्डाशेजारी पाकिटात ठेवावे.

उपकरणामुळे त्रास झालाच, तर त्याची नोंद करण्याची व्यवस्था देशात आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक आहे. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करणारा ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम ६ जुलै २०१५ रोजी सुरू झाला. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवितो. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून ही नोंद नसते. एकाच उपकरणाच्या एकाच खेपेबाबत चार गावांतून सारखीच तक्रार आली तर ती नजरेस यावी, एवढ्यासाठी ती असते. नोंद करताना उपकरणाचे नाव व बॅच क्रमांक विचारला जातो. तो उपकरणाच्या वेष्टनावरील चिकटचिठ्ठीवर छापलेला असतो. वेष्टन कॅथलॅबमध्येच टाकून दिले जाते. तेव्हा ती चिठ्ठी रुग्णाच्या कागदांना चिकटवून देण्याची विनंती दाखल होतानाच करून ठेवावी.